खापरच्या माळावरचा पहिला चेंडू

प्रवासाहून आलेला माणूस ताजातवाना दिसावा अशी लोकांची अपेक्षा असते. खडकीला आमच्या घरी सध्या जो येतो तो विचारतो, "काय मग, हवापालट मानवला का?" नाही मानवला. खानदेशच्या पार त्या टोकाला थंडीभर राहिलो, उत्तम जेवलो, चांगली माणसं भेटली, आणि तरीही संतापून परत आलो. तो संताप अजून उतरलेला नाही. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना तो दिसावा, आणि माझ्या रागाचं कारणही कळावं, म्हणून हे लिहीत आहे.

आधी आमच्या धंद्याविषयी सांगायला हवं, कारण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. माझे वडील, तात्या, साहेबलोकांसाठी गोल्फची मैदानं तयार करतात. तरुणपणी ते एका स्कॉच साहेबाच्या हाताखाली खुंट्या ठोकायला लागले. साहेब विलायतेला परत गेला आणि काम तात्यांकडे राहिलं. छावण्या, थंड हवेची ठिकाणं, एकदोन संस्थानं, सगळीकडे आमची मैदानं आहेत. शाळा संपल्यापासून मीही तेच करतो. जमिनीचा चढउतार बघायचा, चेंडूचं भोक कुठे, वाळूचा खड्डा कुठे, पावसाचं पाणी कुठून काढायचं हे ठरवायचं, नकाशा करायचा आणि मजूर लावून तो जमिनीवर उतरवायचा.

आणि आमच्या घराचा एक कायदा आहे. खेळायचं नाही. खेळायच्या काठीला हातसुद्धा लावायचा नाही. "आपण मैदान करणारे, विनू. खेळणारे वेगळे," हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो आहे. मैदान पुरं झालं की उद्घाटनाच्या सकाळी आम्ही माळ्यांच्या फाटकाने बाहेर पडायचं आणि पुढच्या फाटकातून साहेबांच्या मोटारी आत यायच्या. तिशी ओलांडली तरी माझ्या हातच्या एकाही मैदानावर चेंडू कसा पळतो ते मी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर स्वयंपाक करावा आणि एकदाही चव घेऊ नये, तसला हा प्रकार.

खापर गावचं मैदान हे पहिल्या खुंटीपासून माझं एकट्याचं होतं. तात्यांनीच तसं ठरवलं होतं. म्हणून निघताना आगगाडीतच मी त्यांना सांगितलं, "तात्या, या मैदानावर मला एक चेंडू मारायचा आहे. एकच."

तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. जळगाव मागे पडलं, अमळनेर मागे पडलं, तरी ते बघतच होते.

सारंगखेडा

आम्हाला बोलावणारे शेठ हस्तीमलजी खापरचे कापसाचे व्यापारी. आजोबा मारवाडातून आले, नातवाचा, म्हणजे यांचा, जिनिंगचा कारखाना आहे. धुळ्याचे एक बडे साहेब शिकारीला त्या बाजूला यायचे. त्यांना गोल्फचा नाद. शेठजींना खापरचा रस्ता पक्का करून हवा होता. साहेब येऊन रमावेत आणि रस्त्याचं बोलणं निघावं, इतका सरळ हिशेब. शेठजी त्या दिवसांत घोडी घ्यायला सारंगखेड्याच्या यात्रेत होते, म्हणून आम्ही दोंडाईच्याला उतरून टांग्याने तिथेच गेलो.

तापीच्या काठावर इतके घोडे मी जन्मात पाहिले नव्हते. हलगीवर पाय टाकणारे, शेपटीला गोंडे बांधलेले, खरारा करून चमकवलेले. धुळीने डोळे चुरचुरत होते आणि सगळीकडे तळलेल्या मिरचीचा ठसका. तात्या गर्दीतून चालले होते ते नेहमीसारखे, छत्री उलटी धरून. ही त्यांची जुनी खोड. छत्रीचं टोक हातात, मूठ खाली, आणि वाटेत जे येईल ते उडवायचं. पुण्यात खडे, इथे घोड्यांची लीद. एक गोळा उडून थेट एका व्यापाऱ्याच्या पगडीला लागला.

"ओ बाबा! नजर कथी शे?" तो ओरडला.

तात्यांनी माफी मागितली आणि पुढे जाऊन दुसरा गोळा उडवला. मी नुसता दातओठ खात होतो, कारण तेवढ्यात एका शिंगराने लाथ मारून आमच्या दुर्बिणीची पेटी उलथवली होती. तिवई मोडली, काच तडकली. जमिनीची पातळी मोजायचं आमचं सगळं साधन तेच. तात्या म्हणाले, "डोळ्यांनी बघ. मी बघत होतोच की." असं म्हणून ते जिलब्या घ्यायला गेले.

शेठजी मात्र लाखात एक माणूस. घोडीच्या मानेवर हात टाकून उभे होते. "जयजिनेंद्र, तात्यासाहेब! देखा मन्ही घोडी? इले खापरले लई जास आनि तुमले बी." होडीतून तापी उतरलो आणि शेठजींच्या मोटारीने शहादा, तळोदा करत निघालो. मोटार दोनदा रुतली. दोन्ही वेळा बैलांनी ओढून काढली आणि दोन्ही वेळा शेठजींनी बैलांना गूळ चारला.

खापर

उत्तरेला सातपुडा, पुढे पसरलेला मुरमाड माळ, मधून एक नाला. काळ्या जमिनीत भेगा पडतात आणि त्यात चेंडूच काय, वासराचा पाय जातो. म्हणून शेठजींनी देऊ केलेलं कपाशीचं शेत मी नाकारलं आणि हा माळ मागितला. शेठजी खूष, शेत वाचलं.

जेवण शेठजींकडेच. दिवस मावळायच्या आत. आमच्याकडे नऊशिवाय पान मांडत नाहीत, त्यामुळे पहिले काही दिवस रात्री पोटात कावळे ओरडायचे. डाळबाट्या, गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी. कांदा, लसूण, वांगं यांचं नाव काढायचं नाही. भरताची हौस मी जिनिंगच्या हमालांकडे भागवायचो. त्यांच्याकडे दादर ज्वारीची भाकरी आणि खानदेशी मिरची घातलेलं हिरव्या वांग्याचं भरीत मिळायचं. डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी हात थांबायचा नाही.

कामात पहिली अडचण शेठजींच्या धर्माने आणली. आपल्याकडच्या उन्हात भोकाभोवती हिरवळ टिकत नाही. म्हणून तिथे वाळूत तेल कालवून गुळगुळीत गोल करतात. साहेब त्याला ब्राऊन म्हणतात. मी जिनिंगच्या इंजिनाचं जळकं तेल मागितलं तेव्हा शेठजींनी कानांवर हात ठेवले.

"तेलमा मुंग्या चिपकतस, भाऊ. मरतस. मन्हा माळवर जीव मराले नको. दुसरं काही कर."

तात्या म्हणाले, तेलाशिवाय मैदान होत नाही, परत जाऊ. मी रात्रभर विचार करून सकाळी सांगितलं, की खळं करतो तसं करू. मुरूम चोपायचा, त्यावर गाळलेली माती, वरून शेणाचं सारवण. खापरच्या बायका असं खळं करतात की त्यावरून दाणा घरंगळतो.

"साहेब शेणावर खेळणार?" तात्या कडाडले. "नाव घालवशील माझं!"

"मैदान माझं आहे ना? तुम्हीच म्हणालात."

ते छत्री घेऊन निघून गेले. बायकांनी गाणी म्हणत गोल सारवले. वाळल्यावर ते इतके सुरेख दिसले की शेठजी त्यांच्यावरून अनवाणी चालले. मजूर वरच्या पाड्यांतले भिल्ल. त्यांचा कारभारी वेस्ता, उंच, कमी बोलणारा. आपसात त्यांची बोली, माझ्याशी तो अहिराणीत बोलायचा. होळीला सगळे डोंगरात परत जाणार, त्याआधी काम उरकायचं ठरलं होतं.

मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. नाल्यापलीकडच्या भोकाची खुंटी मी ठोकलेल्या जागी राहीना. सकाळी बघावं तर ती डावीकडे, चढाच्या जवळ सरकलेली. मी परत जागेवर ठोकली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मी वेस्तावर तोंड टाकलं. कामात खोड्या चालणार नाहीत, माणसं कमी करीन, वगैरे.

वेस्ताने शांतपणे विडी विझवली. "म्हताराले इचार," तो म्हणाला.

मला वाटलं, टाळतो आहे. तात्यांना त्या भोकाशी काय देणंघेणं? सारवणावरून भांडल्यापासून ते पहाटेच उठून फिरायला जात होते आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. साहेबांसाठी शेठजींनी मुंबईहून मागवलेल्या खेळायच्या काठ्यांच्या खोलीची किल्ली तेवढी त्यांनी स्वतःकडे मागून घेतली. माझ्यावर भरवसा नाही म्हणून, दुसरं काय! शेवटी मी कंटाळलो आणि ती खुंटी होती तिथेच राहू दिली.

वेस्ताचा पाडा

बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. अशा एका दिवशी वेस्ता मला वर घेऊन गेला. पळस फुलायला लागले होते. घरं लांब लांब, प्रत्येक आपल्या शेतात. आमच्याकडे भिंतीला भिंत लागते आणि शेजाऱ्याच्या फोडणीवरून त्याचं भांडण कळतं. इथे हाक मारायची तर कानामागे हात धरावा लागतो. अंबाडीची भाजी आणि भाकरी झाली. मोहाची मी घेतली नाही, तर वेस्ताच्या बायकोने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

त्या दिवशी वेस्ताने केलेलं धनुष्य न्यायला दुसऱ्या पाड्याचा एक माणूस आला होता. वेस्ता बाहेर आला, धनुष्य ताणलं आणि समोरच्या सागावर तीर सोडला. तीर झाडाला लागलाच नाही, बाजूच्या झुडपात गेला. कोणी हसलं नाही. त्या माणसाने धनुष्य डोक्याला लावलं आणि खांद्यावर टाकून तो निघाला.

"नेम तर चुकला," मी म्हटलं.

"चुकना ते चुकना. जेन्ही कामठी बनाडी, तेन्हाच हातना पहिला तीर. मंगच ती दुसरानी व्हस."

"आणि बनवणाऱ्याने सोडलाच नाही तर?"

"नहीत कोन लेई?" वेस्ता म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. "तू माळ बनाडा. तू पहिला मारशी ना?"

मी सांगितलं, आमच्यात तसं नसतं. आम्ही निघून जातो. वेस्ताला ते तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला होता. त्याच्यावर नव्हे. उतरताना सबंध वाट मी मनातल्या मनात तात्यांशी भांडत होतो.

साहेब येतात

उद्घाटनाच्या सकाळी तात्यांनी धोतर बदललं, टोपी घातली आणि सवयीने माळ्यांचं फाटक शोधू लागले. माळाला फाटकच नव्हतं. कुंपणच नव्हतं. चारी बाजूंनी खापरचे लोक, वरच्या पाड्यांतले मजूर, बायकापोरं, दोन ढोल. बाहेर म्हणावी अशी जागाच उरली नव्हती. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

साहेब आले, मडमसाहेब आल्या. शेठजींनी हार घातले. चेंडू ठेवला गेला. साहेबांनी काठी उचलली आणि वेस्ता सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आधी विनूभाऊ," तो म्हणाला.

शेठजींचा चेहरा पांढरा पडला. पण वेस्ता हलेना, आणि मागे त्याची सगळी माणसं उठून उभी राहिली. शेठजींनी मोडक्या हिंदीत साहेबांना समजावलं, की ह्यांची रीत आहे, बनवणारा पहिला. साहेबांना मौज वाटली. त्यांनी काठी माझ्यापुढे धरली.

"विनू, चल," तात्या मागून हळूच म्हणाले. "चल इथून."

मी काठी घेतली.

इतक्या वर्षांत ज्यासाठी जीव तुटला ते हातात होतं, आणि ते कसं धरायचं तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याने मुरमाचं ढेकूळ उडालं आणि चेंडू एका खाटेच्या अंतरावर जाऊन पडला. मडमसाहेब हसल्या, साहेब मोठ्याने हसले, शेठजीही भीतभीत हसले. पाड्यावरच्या माणसांनी मात्र आनंदाने आरोळी ठोकली. त्यांच्या लेखी तीर सुटला होता. वेस्ता समाधानाने बाजूला झाला.

माझं समाधान झालं नव्हतं. कान तापले होते. मी चेंडू उचलून पुन्हा जागेवर ठेवला. साहेबांनी घड्याळ काढलं.

तेव्हा तात्या पुढे आले. छत्री काखेत मारली आणि माझे हात धरले. "डावा अंगठा खाली. मूठ आवळू नकोस. उजवा हात नुसता ठेव. डोकं हलवायचं नाही." त्यांची बोटं माझ्या बोटांवरून फिरत होती आणि एकही बोट चाचपडत नव्हतं. प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. साहेबांचं हसणं थांबलं.

"तुम खेलता है?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब," तात्या म्हणाले आणि मागे सरले.

माझ्या देखत! माझे हात अजून त्यांनी लावलेल्या जागी होते आणि हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता. मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. खोलीची किल्ली, पहाटेचं फिरणं, नाल्यापलीकडची खुंटी. मी काठी त्यांच्या हातात कोंबली. "मग मारून दाखवा," मी ओरडलो. "नाही येत ना? मारा!"

त्यांनी शेठजींकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे. छत्री खाली ठेवली. फार तयारी अशी केलीच नाही. काठी मागे गेली, पुढे आली, आणि चेंडू नाल्यावरून उंच जाऊन चढाला टेकला आणि त्या सरकवलेल्या खुंटीच्या जागी केलेल्या गोलावर घरंगळत थांबला. माझ्या शेणाच्या सारवणावर. चेंडू तिथे कसा पळतो ते मी अखेर पाहिलं. फार सुंदर पळतो.

ढोल वाजायला लागले. तात्यांनी काठीची मूठ धोतराच्या सोग्याने पुसली आणि दोन्ही हातांनी साहेबांना परत दिली. त्या पुसण्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग साहेबांनी चेंडू मारला, तो नाल्यात गेला.

दुपारी शेठजींचे मुनीम चोरट्यासारखे आमच्या खोलीवर आले. साहेबांची इच्छा आहे की मैदान करणाऱ्यांनी आता निघावं. रस्त्याचं बोलणं व्हायचं आहे, राग धरू नये. मागोमाग शेठजी स्वतः आले, डोळ्यांत पाणी, हातात ठेपल्यांचा डबा. त्यांच्यावर मी काय रागावणार?

"बघितलंस?" तात्या एवढंच म्हणाले आणि वळकटी बांधायला लागले.

परत दोंडाईचा

तळोदा मागे पडलं, शहादा मागे पडलं. तापीवर होडीत बसल्यावर मात्र माझ्याने राहवेना.

"कधी शिकलात?"

"तुझ्या जन्माआधी. स्कॉच साहेबानेच शिकवलं. प्रत्येक मैदान द्यायच्या आधी पहाटे खेळून बघतो. तुझी ती खुंटी तशीच सरकवली. त्याशिवाय देणार कसं?"

"आणि मला अडाणी ठेवलंत."

नावाडी आमच्याकडे बघायला लागला. तात्या पाण्याकडे बघत म्हणाले, "खेळता येणाऱ्या माणसाला माळ्यांच्या फाटकाने बाहेर पडणं फार जड जातं, विनू. दर खेपेला. तुला तरी ते जड जाऊ नये म्हणून."

ते खरं बोलत होते, मला कळत होतं. आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. साहेबाने आम्हाला हाकललं, तो साहेबच, त्याच्याकडून कसली अपेक्षा? पण साहेबाच्या आधी घरातल्या माणसाने मला फाटकाबाहेर उभं केलं, आणि ते प्रेमाने केलं. त्याची दाद कुठे मागायची? मी तसं बोललोही, नावाड्यादेखत, मोठ्याने. तात्यांनी नावाड्याचे पैसे काढून मोजले.

दोंडाईच्याला गाडीला अवकाश होता. फलाटाच्या टोकाला आम्ही दोघंच. तात्यांनी छत्री उलटी केली आणि टोक माझ्याकडे धरलं.

"धर. अंगठा खाली."

मला ती रुळांवर भिरकावून द्यायची होती. पण हात पुढे गेला. त्यांनी माझी मूठ सैल केली, पाय सरकवले, खांदा दाबला. पहिला खडा फलाटावरच घसरला. दुसरा वाकडा गेला. मग एक गेला तो सरळ गेला, रुळांवरून, कुंपणावरून, पलीकडच्या शेतात दिसेनासा झाला. मनगटात मध उतरावा तसं काहीतरी वाटलं.

"हं," तात्या म्हणाले. "आलं तुला."

लांबून शिट्टी ऐकू आली. मी छत्री त्यांना परत दिली आणि वळकटी उचलली. राग उलट वाढला होता. इतक्या वर्षांत जे मला मिळालं नाही ते शिकवायला त्यांना एवढाच वेळ लागला होता. गाडी येईपर्यंतचा.